जात विचारली तर रेडमंडमध्ये दाद कुठे मागायची?



आपल्या आडनावांची एक गंमत आहे. पेणकर, नागावकर, रोहेकर, दिवेकर. गाव कळतं, जात कळत नाही. इथे रेडमंडला भारतातून आलेले इतके इंजिनिअर आहेत की ऑफिसात कुणीतरी मराठी भेटतोच. 'कर' ऐकलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" आपण ज्यू म्हटलं की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. शेजारच्या टेबलावर बसलेल्या दलित मुलाला तोच प्रश्न विचारला तर तो संपत नाही. त्याच्या उत्तरावर पुढे कामाची वाटणी ठरू शकते, बढती अडू शकते, जेवायला कोण बोलावतो आणि कोण टाळतो तेही ठरू शकते. आणि आपल्यातल्या किती घरांत आता सुना-जावई दुसऱ्या समाजातले आहेत! त्यांच्या मुलांना हा प्रश्न येणारच. म्हणून हे आपल्यालाही माहीत हवे.

बऱ्याच जणांचा समज असा की सिएटलला जातीविरुद्ध कायदा झाला, म्हणजे आपल्याकडेही झाला. तसे नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी तो ठराव सिएटलच्या नगर परिषदेत मांडला आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तो सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. नोकरी, भाड्याचे घर, हॉटेल-दुकानासारखी सार्वजनिक जागा, यांत जातीवरून भेदभाव करायला बंदी करणारे अमेरिकेतले हे पहिले शहर. विरोध करणारे भारतीयही होते. या कायद्यामुळे सगळ्या हिंदूंकडे संशयाने बघितले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते फारसे पटत नाही. कायद्यात कुठल्या एका धर्माचे नाव नाही, आणि जात ही फक्त हिंदूंमध्ये असते असे कोकणातला माणूस तरी म्हणणार नाही. आपल्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होतेच की, आणि त्यांच्यात लग्ने होत नसत.

पण तो कायदा सिएटलच्या हद्दीपुरता. तुम्ही रेडमंडला राहता आणि ५२० च्या पुलावरून लेक वॉशिंग्टन ओलांडून सिएटलच्या ऑफिसात कामाला जाता, तर तो तुम्हाला लागू होतो. ऑफिसच रेडमंडला असेल तर नाही.

मग रेडमंडला काय? इथे राज्याचा भेदभावविरोधी कायदा आहे, १९४९ पासूनचा. त्यात वंश, धर्म, रंग, राष्ट्रीय मूळ, लिंग, अपंगत्व वगैरे शब्द आहेत, 'जात' नाही. मात्र व्याख्यांमध्ये एक छोटी ओळ आहे, तिच्याकडे लक्ष द्या: राष्ट्रीय मूळ या शब्दात पूर्वजांची वंशपरंपराही येते. जात म्हणजे तरी काय? तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात, हेच ना? ही ओळ धरून वकील युक्तिवाद करू शकतो.

हा दरवाजा उघडण्यात एका सिनेगॉगचा हात आहे, हे आपल्या मंडळींना वाचून बरे वाटेल. १९८२ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या शआरे तेफिला सिनेगॉगच्या भिंतींवर ज्यूंविरुद्ध घाणेरड्या घोषणा रंगवल्या गेल्या. सिनेगॉगने १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला. खालच्या कोर्टांनी सांगितले, हा कायदा वंशभेदाचा आहे, ज्यू हा वेगळा वंश नाही, दावा चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १९८७ ला हे उलटवले. आज शास्त्र काय म्हणते हा प्रश्न नाही, १८६६ मध्ये कायदा करणाऱ्यांना कोणाचे रक्षण करायचे होते ते बघा, असे न्यायमूर्तींनी म्हटले. त्याच दिवशी इराकमध्ये जन्मलेल्या एका अरब प्राध्यापकाच्या नोकरीच्या खटल्यातही तसाच निकाल लागला: पूर्वजांवरून केलेला भेदभाव या कायद्यात बसतो. ज्यू आणि अरब एकाच दिवशी, एकाच कारणाने जिंकले. पेपरात अशा बातम्या कमी येतात.

कायद्याचा शब्द किती जपून वाचावा लागतो हे आपल्याला इस्राएलमध्येही कळले आहे. १९६० नंतरच्या काळात तिथल्या रब्बींनी बेने इस्राएलच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करायला लावली. आपली माणसे रस्त्यावर उतरली, आणि १७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यूच आहेत असे जाहीर झाले. त्यानंतर नियमातून आपले नाव निघाले, पण ज्याच्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करायची मुभा राहिली. नाव जाते, चौकशी राहते.

आता कामाचे. वॉशिंग्टन राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. नोकरीच्या तक्रारीसाठी मालकाकडे किमान ८ कामगार हवेत आणि तक्रार ६ महिन्यांत करायची. केंद्र सरकारच्या ईईओसीकडे ३०० दिवस मिळतात, तिथे १५ कामगारांची अट आहे. तक्रार केली म्हणून मालकाने त्रास दिला तर तो वेगळा कायदेभंग धरला जातो, मूळ तक्रार टिकली नाही तरीही.

नर्सिंगमध्ये आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, चार्टवर नाही ते झालंच नाही. इथेही तेच. कोण काय बोलले, कधी, कोणासमोर, त्याच रात्री तारखेसह लिहा, आणि वही घरी ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. मात्र चोरून फोनवर रेकॉर्ड करू नका. या राज्यात खासगी बोलणे सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणे हाच गुन्हा आहे. पोरं हे हमखास विसरतात.

आणि एचआरकडे लेखी तक्रार जरूर द्या, पण तिच्या उत्तराची वाट बघत बसू नका. सहा महिने मोजतात ते घटना घडली त्या दिवसापासून, मॅनेजर "बघतो" म्हणाला त्या दिवसापासून नाही.