हजार ल्युमेन, पण किती वेळ?

खिशात मावणारा चार्जिंगचा टॉर्च घ्यायला गेलं की सगळ्यात आधी ल्युमेनचा आकडा पुढे येतो. पाचशेचा हवा की हजारचा? ऑनलाइन पाहिलं तर दहा हजार, चक्क एक लाखसुद्धा. मोटारीच्या हॅलोजन दिव्याचा एक बल्ब हजार-दीड हजार ल्युमेन उजेड देतो, एवढं ठाऊक असलं तरी यातले बरेच आकडे तिथेच बाद होतात. अधिक फसवे असतात ते उरलेले आकडे, कारण ते खोटे नसतात. एखादा टॉर्च खरोखर हजार ल्युमेन देतो. फक्त तो ते मिनिट-दोन मिनिटं देतो. रोजच्या वापरासाठी टॉर्च निवडताना हा सर्वांत मोठा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. तासभर न उतरता तो किती उजेड देऊ शकतो आणि गरज पडल्यास किती मंद होऊ शकतो, हे पाहायला हवं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वेष्टनावर बहुधा नसतं, पण ते शाळेतल्या गुणाकाराने काढता येतं.

टॉर्चमधला उजेड शेवटी सेलमधल्या ऊर्जेतून येतो, आणि ती मोजकी असते. खिशातल्या चांगल्या टॉर्चमध्ये बहुतेकदा १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. चांगल्या प्रतीच्या अशा सेलची क्षमता ३५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की साधारण साडेबारा वॅट-तास ऊर्जा येते. आता पांढरा एलईडी आणि त्याला वीज पुरवणारं सर्किट मिळून एका वॅटमागे ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतात असं धरू. म्हणजे पूर्ण भरलेल्या सेलमध्ये साडेबाराशे ल्युमेन-तास आहेत. ते कसे खर्च करायचे ते आपण ठरवायचं: हजार ल्युमेन सव्वा तास, शंभर ल्युमेन बारा तास. किल्लीच्या जुडग्याला अडकवायच्या छोट्या टॉर्चमध्ये ५०० मिलीअँपिअर-तासांचा सेल असेल, तर हीच पुंजी १८० ल्युमेन-तासांवर येते. अशा टॉर्चवर ‘१००० ल्युमेन’ आणि ‘८ तास’ शेजारी-शेजारी छापलेलं असेल, तर तो आठ हजार ल्युमेन-तासांचा दावा झाला, शक्य त्याच्या चाळीसपटीहून अधिक. एक लाख ल्युमेनच्या टॉर्चला तर कपड्यांच्या इस्त्रीएवढी, म्हणजे हजार वॅट वीज लागेल. ‘९९०० मिलीअँपिअर-तास’ असं छापलेले १८६५० सेलही सर्रास विकले जातात. त्या आकाराच्या डबीत एवढी ऊर्जा आजच्या रसायनशास्त्राला बसवता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की नामांकित कंपन्या तर प्रमाणित चाचणीचे आकडे देतात, मग त्यांच्यावर भरवसा ठेवायला काय हरकत आहे? चाचणी आहे आणि ती चांगली आहे. एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक २००९ पासून अस्तित्वात आहे आणि वेष्टनावरची ती चौकोनी चित्रं त्याचीच. मात्र चाचणी काय मोजते ते पाहायला हवं. ल्युमेन मोजतात ते टॉर्च सुरू केल्यानंतर ३० सेकंद ते दोन मिनिटं या अवधीत. टॉर्च ‘किती वेळ चालतो’ हे मोजतात ते उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. समजा, टॉर्च हजार ल्युमेनवर सुरू झाला, तिसऱ्या मिनिटाला तीनशेवर उतरला आणि पुढे तीन तास तिथेच राहिला. वेष्टनावर ‘१००० ल्युमेन, ३ तास’ असं येईल आणि त्यात नियमाचा भंग झालेला नसेल. वाचणाऱ्याला मात्र हजार ल्युमेन तीन तास मिळतील असं वाटेल. नियम पाळून दिशाभूल कशी करावी याचा हा नमुनाच म्हणायचा. प्रामाणिक उत्पादक वेळेनुसार उजेड कसा उतरतो याचा आलेख देतात, आणि खरेदीआधी शोधावा तो हाच.

उजेड उतरतो त्याला कंपनीची लबाडी नव्हे, उष्णता कारणीभूत आहे. जुन्या तंतूच्या बल्बमधली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात काचेतून समोर निघून जाई. एलईडीचा उजेड थंड असतो, पण त्याच्या चिपमध्ये मात्र उष्णता साचते. दहा वॅट दिले तर साडेतीन वॅटच्या आसपास उजेड होतो, उरलेल्याची उष्णता होते, आणि तिला बाहेर पडायला टॉर्चच्या धातूच्या अंगाखेरीज वाट नसते. एका १८६५० सेलच्या टॉर्चचा पृष्ठभाग जेमतेम ९० चौरस सेंटिमीटर असतो. बाहेर ३० अंश तापमान असेल आणि टॉर्च हातात धरवेल असा, म्हणजे ५० अंशांपर्यंतच तापू द्यायचा असेल, तर स्थिर हवेत एवढ्या पृष्ठभागातून साधारण दोन वॅट उष्णता बाहेर जाते. याचा अर्थ आत तीनेक वॅट वीज, म्हणजे तीनशे ल्युमेन. धरणाऱ्याचा हात थोडी उष्णता ओढून घेतो, वाऱ्यानेही मदत होते. तरी आकडा चारशे-पाचशेच्या पलीकडे फारसा जात नाही. ब्रँड कोणताही असो, या आकाराच्या टॉर्चची ही मर्यादा भौतिकशास्त्राने घातलेली आहे. विदर्भातल्या मे महिन्यातल्या रात्री ती आणखी खाली येते.

मग तीनशे ल्युमेन पुरतात का? इथे डोळ्याचा स्वभाव आपल्या बाजूने आहे. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी संवेदना मोजण्याच्या प्रयोगांतून दाखवलं की उजेडाची जाणीव उजेडाच्या प्रमाणात वाढत नाही, साधारण घनमुळाच्या प्रमाणात वाढते. उजेड दुप्पट वाटायला तो आठपट करावा लागतो. शंभरऐवजी हजार ल्युमेन दिले तरी डोळ्याला फरक दुपटीहून थोडाच जास्त भासतो. कामापुरतं पाहायचं तर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतीपंपांना रात्रपाळीत वीज मिळते आणि शेतकऱ्याला अंधारात बांधावरून चालत जाऊन पाणी धरावं लागतं. मण्यारही याच वेळी बाहेर पडते. पायापुढे दोन मीटर व्यासाचं वर्तुळ उजळायला ५० ल्युमेन दिले, तर जमिनीवर सुमारे १६ लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे १६ ल्युमेन, पडतात. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास मिळतो. पायाखालचं नीट दिसायला १६ लक्स भरपूर झाले, आणि वरच्या हिशेबाने एवढा उजेड एका सेलवर अख्खी रात्र, किंबहुना दोन रात्री पुरतो.

‘आमच्या फोनचा टॉर्चही पन्नासेक ल्युमेनचा असतो, मग वेगळा कशाला?’ हा आक्षेप वजनदार आहे, आणि घरातल्या पलंगाखाली काही शोधायचं असेल तर तो मान्यच करायला हवा. पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठे पडतो हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कँडेला हे एकक आहे. फोनचा उजेड चहूबाजूंना फाकतो, त्यामुळे त्याची तीव्रता पंधरा-सोळा कँडेलाच भरते, आणि पाच मीटरवर पाऊण लक्सही पोहोचत नाही. तेवढेच ल्युमेन परावर्तकातून गोळा करून टॉर्चने पाचशे कँडेलाचा झोत दिला, तर त्याच जागी २० लक्स मिळतात. शिवाय वादळात वीज गेली की फोनमधला प्रत्येक टक्का संपर्कासाठी राखून ठेवायचा असतो. उलट, झोताचं अंतर म्हणून छापलेल्या आकड्यालाही भुलू नये. ‘२०० मीटर’ म्हणजे जिथे फक्त पाव लक्स उरतो ते अंतर. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड घटत असल्याने १०० मीटरवरही एकच लक्स मिळतो.

सर्वांत चलाख आक्षेप असा: मोठ्या टॉर्चचा उजेड कमी करता येतो, मग क्षमता जास्त असली तर बिघडलं कुठे? यात तथ्य आहे. एलईडी कमी प्रवाहावर चालवला की वॅटमागे जास्त ल्युमेन देतो, म्हणून मोठा एलईडी मंद चालवणं किफायतशीरच. पण बाजारातल्या बऱ्याच ‘शक्तिशाली’ टॉर्चमध्ये उजेडाच्या पायऱ्या असतात पूर्ण, अर्धा आणि कुणालाच नको असलेली लुकलुक. एक ते पाच ल्युमेनची पायरी त्यांत नसते, आणि खरी गरज तिची आहे. अंधाराला सरावलेला डोळा तयार व्हायला अर्धा तास लागतो. शेकडो ल्युमेन जवळच्या भिंतीवर आपटून परतले की ती तयारी काही सेकंदांत जाते. घाटातल्या धुक्यातही हीच गत. तिथे उजेड वाढवावा तसा समोर पांढरा पडदा दाट होतो. पिवळ्या उजेडाचा गवगवा फार, पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. टॉर्च डोळ्यांपासून दूर, कमरेच्या उंचीवर धरण्याचा उपयोग अधिक. रंगाचा मुद्दा असलाच तर तो वेगळा आहे: निळसर पांढऱ्या स्वस्त एलईडीत लाल घटक तोकडा असतो, तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात, आणि रत्नागिरीकडच्या जांभ्या दगडावरचं फुरसं दिसायला हवं असेल तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा वर असलेला टॉर्च, ल्युमेन थोडे कमी मिळाले तरी, बरा.

राहता राहिला सेल. पाठीमागे दोन पिनांचा प्लग असलेले स्वस्त चार्जिंग टॉर्च वर्षभरात मान टाकतात, कारण अनेकांत शिसे-आम्लाची चार व्होल्टची बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक जमून ती कायमची निकामी होते. लिथियमचं नेमकं उलट आहे. तो काठोकाठ भरून उष्ण जागी ठेवला तर लवकर म्हातारा होतो. अडीनडीसाठी ठेवलेला लिथियमचा टॉर्च म्हणून सत्तर-ऐंशी टक्के भरून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावा. तरीही शे-पाचशे वेळा चार्ज झाल्यावर सेल थकणारच, त्यामुळे तो बाहेर काढून बदलता येतो की आत पक्का बसवलेला आहे, हा प्रश्न ल्युमेनच्या आधी विचारावा. सुटा सेल घेताना भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी छापलेली पाहावी. चार्जिंगचं भोक यूएसबी-सी असलं तरी दुकानातच दोन्ही टोकांना ‘सी’ असलेली केबल लावून बघावी: काही उत्पादक आतले काही पैशांचे दोन रोधक वाचवतात, आणि मग असा टॉर्च फक्त जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवरच चार्ज होतो. त्या भोकावरचं रबरी झाकण बोटाने दाबून घट्ट बसतंय का तेही पाहावं. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी, पण बहुतेक टॉर्चमध्ये ती हे झाकण नीट बंद असेपर्यंतच लागू असते.