पंप पाणी ओढत नाही

दुरुस्तीला येणाऱ्या पंपांतले बरेचसे धडधाकट असतात, असं मिस्त्रींचं ठाम मत आहे. वसई पूर्वेला गोखिवरे-वालीव पट्ट्यात मोटार वायंडिंगची आणि पंपदुरुस्तीची कामं गाळ्यागाळ्यांतून चालतात. त्यातल्याच एका गाळ्यात मी बसलो होतो आणि समोर एका सोसायटीचा मोनोब्लॉक उघडला जात होता. तक्रार नेहमीचीच: मोटार फिरते, आवाज येतो, गच्चीवरच्या टाकीत मात्र थेंब पडत नाही. सेक्रेटरी काका निदानही सोबतच घेऊन आले होते. पंप जुना झाला, आता दोनऐवजी तीन एचपीचा बसवायचा.

मिस्त्रींनी केसिंगचे बोल्ट काढले, सांध्यावर दोन ठिकाणी हलक्या हाताने ठोकलं आणि बिडाचा भाग सुटला. आत कडेने पांढुरकी खार धरलेली. सोसायटी बोअरचं पाणीही टाकीत घेते हे काकांनी सांगायच्या आधीच त्या खारीने सांगितलं. नट सैल करून, चावी सांभाळून त्यांनी इंपेलर बाहेर घेतला. दोन तबकड्या, त्यांच्यामध्ये वाकडी पाती आणि मधोमध एक भोक. पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट झुकलेली असतात, त्यामुळे नवख्याला वाटतं की इंपेलर उलटा बसवलाय. सगळ्या पंपात फिरणारा आणि पाण्याला हात लावणारा भाग हा एवढाच.

पावसात भिजलेली छत्री गरगर फिरवली की कडेने थेंब उडतात. इंपेलर पाण्याचं तेच करतो. मधल्या भोकातून शिरलेलं पाणी पात्यांमधून कडेकडे जातं आणि वेगाने बाहेर फेकलं जातं. भोवतालच्या केसिंगची पोकळी डिलिव्हरीच्या तोंडाकडे रुंद होत जाते. वाट रुंदावली की पाण्याचा वेग उतरतो आणि उतरलेला वेग दाब बनतो. तो दाब पाणी वर चढवतो.

आकडे घेऊन बघा. इंपेलर १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि मोटार मिनिटाला २,८८० फेऱ्यांची असेल, तर इंपेलरची कड सेकंदाला साडेबावीस मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर वेगाने धावते. त्या वेगाने सरळ वर फेकलेली वस्तू २६ मीटरच्या आसपास पोहोचते आणि पंपाचं हेड, म्हणजे तो पाणी चढवू शकतो ती उंचीही ढोबळमानाने तिथेच कुठेतरी येते. फेऱ्या निम्म्या केल्या तर हेड निम्मं होत नाही, पाव होतं. आणि लागणारी शक्ती उतरते ती थेट आठव्या हिश्श्यावर.

वसईच्या वाड्यांमध्ये पूर्वी विहिरींवर आणि बावखल म्हणतात त्या तळ्यांवर रहाट होते. केळी, पानवेली, फुलझाडं, सगळं त्या पाण्यावर. रहाटाचा हिशेब सरळ होता: एका फेरीत ठरलेली गाडगी वर येणार. पाणी खोल गेलं तर जनावराचे कष्ट वाढतील, पण भरलेलं गाडगं भरलेलंच येईल. इंपेलरच्या या सेंट्रिफ्यूगल पंपाचं तसं नाही. उंची वाढली की तो पाणी कमी देतो आणि एका उंचीनंतर देतच नाही. मोटार आपली फिरत राहते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद असताना मोटारीवर ताण येतो, हा समजही इथे उलटा पडतो. पाणी जात नसताना हा पंप सगळ्यात कमी वीज खातो. म्हणूनच मोठे पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करतात आणि मग हळूहळू उघडतात. मात्र तसाच चालत ठेवला, तर आतलं पाणी तापून सील जळतं.

मिस्त्रींनी इंपेलर उजेडात धरला. पाती जिथे सुरू होतात तिथे बारीक बारीक खड्डे होते, नख अडकेल इतके. ‘‘चालताना आत खडी फिरल्यासारखा आवाज यायचा ना, काका?’’ काकांनी मान हलवली. त्या आवाजाचं मूळ पंपात नव्हतं, सक्शनच्या बाजूला होतं.

लोक म्हणतात पंप पाणी ओढतो. तो ओढत नाही. तो फक्त पुढचं पाणी फेकतो, त्यामुळे मागे दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा तिथलं पाणी पाइपात ढकलते. हवेचं बळ तेवढंच: समुद्रसपाटीला, म्हणजे वसईत पूर्ण मिळतं ते १०.३ मीटर, आणि पाइपातलं घर्षण वगैरे वजा जाता हातात उरतात सहा-सात मीटर. पंप दोन एचपीचा असो की वीसचा, हा आकडा बदलत नाही. सक्शन पाइप बारीक असेल, एल्बो जास्त असतील, पाइपच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हची जाळी गाळाने भरली असेल, तर दाब इतका खाली जातो की पाणी थंड असतानाच उकळतं. त्या वाफेचे बुडबुडे इंपेलरमध्ये दाब वाढताच फुटतात आणि धातूचे कण उडवतात. नखाला लागले ते खड्डे असे पडलेले.

सक्शन कुठे हवा खात असेल तर ती गळती दिसत नाही, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि हवा फेकून पंपाला काही साधत नाही. ती पाण्याच्या आठशेव्या हिश्श्याइतकी हलकी. म्हणून तर चालू करण्याआधी पंपात पाणी भरायचं. मिस्त्री सांध्याजवळ उदबत्ती धरतात. धूर आत वळला की जागा सापडली. मग सूत, सफेदा आणि दोन आटे जास्त.

या सोसायटीत फुटव्हॉल्व्हचं वॉशर गेलं होतं आणि दीड इंची लाइनवर कुणीतरी मध्येच एक इंची तुकडा जोडून ठेवला होता. तीन एचपीचा पंप लावला असता तर तो तुकडा आणखीच नडला असता. मुळात दोन एचपी पुरेसे होते. तासाला १०,००० लिटर पाणी २० मीटर चढवायला निव्वळ ५४५ वॉट लागतात. पंप आणि मोटार मिळून निम्मी वीज वाया घालवतात असं धरलं तरी हिशेब दीड एचपीवर थांबतो. पाइपाचं घर्षण धरून दोन. थ्री फेज मोटारीचं आणखी एक दुखणं असतं. मीटर बॉक्समध्ये काम झालं, दोन फेज अदलाबदल झाले, की मोटार उलटी फिरते. पंप तरीही थोडं पाणी देतोच, फक्त ते वरपर्यंत पोहोचत नाही. असे किती चांगले पंप भंगारात गेले असतील!

त्या सहा-सात मीटरच्या मर्यादेबद्दल मला वेगळंच वाटतं. रहाट गेले, ऑइल इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी. पण पंप विहिरीच्या काठावर होता तोवर उपशाला हवेनेच लगाम घातलेला होता. पाणी खाली गेलं की पंप पाणी सोडायचा आणि विहिरीला उसंत मिळायची. लोकांनी पंप विहिरीत खाली ओट्यावर नेऊन बसवले. मग बोअर आले आणि सबमर्सिबल. तो पाण्यातच बुडालेला, एकावर एक इंपेलर रचलेला, खालून ढकलणारा. लगाम संपला. समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या भूमीत याचा हिशेब महाग पडतो. ढोबळ नियम असा की भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. तो एक मीटर उपसला की खारं पाणी ते ४० मीटर वर सरकतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या लढ्यात टँकरच्या उपशाचा प्रश्न होता, तो यामुळेच.

आता सूर्या प्रकल्पाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा रोजचा १८५ दशलक्ष लिटर आहे. एवढं पाणी दर मीटर उंचीवर चढवायला, काहीही तोटा न धरता, २१ किलोवॉट अखंड लागतात. ते पाणी नळाला येताच काहीजण थेट लाइनला पंप जोडतात. तसं करणं बेकायदा आहे. शिवाय लाइनमधला दाब घसरला की फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं आणि ते जोडणाऱ्याच्याही घरात जातं.

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये मोठ्या पंपाचा ठराव आला, तर सह्या करण्याआधी तीन गोष्टी करून घ्या: टाकीची उंची मोजा, सक्शनचा पाइप तपासा आणि फुटव्हॉल्व्ह वर काढून त्याचं वॉशर बघा. वॉशर किरकोळ पैशांत मिळतं.