टोपणनाव कुणापासून लपवतं?

लोहाऱ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना टेलिग्रामवरच्या पीडीएफची ओळख करून द्यावी लागत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या क्लासच्या नोट्स तिथे फुकटात सापडतात. चॅनेल चालवणाऱ्याचं नाव नाही, नंबर दिसत नाही. तेव्हा तो कुणाच्या हाती लागणार नाही, ही पक्की समजूत.

दिल्ली उच्च न्यायालयात ती टिकली नाही. इंग्रजीच्या शिक्षिका नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्याख्यानं अशा चॅनेलांवर फिरत होती. एक बंद केलं की दुसरं हजर. चालवणाऱ्यांची माहिती मागितल्यावर टेलिग्रामने सिंगापूरचा खासगीपणाचा कायदा पुढे केला. न्या. प्रतिभा सिंग यांनी ३० ऑगस्ट २०२२ रोजी तो युक्तिवाद फेटाळला. मग मोहोरबंद पाकिटात काही अ‍ॅडमिनची नावं, फोन नंबर, आयपी पत्ते आले. मात्र ही माहिती चव्हाट्यावर मांडली गेली नाही. नीतू सिंग यांच्या वकिलांनी ती खटल्यापुरतीच वापरायची, अशी अट होती. पोलिसांना आणि सरकारी यंत्रणांना देण्याची तेवढी मुभा.

याच्या अगदी उलट टोकाची भीतीही आहे: चोरीचा सिनेमा नुसता पाहिला तरी तुरुंग! २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या सिनेमाच्या वेळी बंद केलेल्या संकेतस्थळांवर तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंडाची पाटी झळकत होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी ती बदलायला लावली. गुन्हा पाहण्यात नाही. विनापरवाना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे.

‘मी फक्त डाउनलोड केलं’ हे टॉरेंटवाल्याने म्हणण्यात मात्र फारसा दम नाही. फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे त्याच्या संगणकावरून इतरांकडे जात असतात आणि त्याचा आयपी पत्ता त्या सगळ्यांना दिसतो.

पण आयपी पत्ता म्हणजे आधार क्रमांक नव्हे. मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक नसेल तर भलत्याच्याच दारात पोलीस जायचे.

ओळख लपून राहावी म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावरही अनेकांची भिस्त आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. कायद्यातलं कलम १७ मात्र फारसं कुणी वाचत नाही. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी डेटा वापरायचा असेल, तर संमतीची अट सुटते. तो डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र तेव्हाही सुटत नाही.