नाताळ व्हावा, पण उसनवारीवर नको

नाताळ आला की बेळगावच्या खडेबाजारात व निपाणीच्या पेठेत गर्दी उसळते. नेमका याच दिवसांत आपला हात अडलेला असतो. तंबाखू अजून रानात उभी असते. ऊस कारखान्याला गेला तरी पुष्कळदा बिल हाती आलेले नसते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावेत, उशीर झाल्यास वर्षाला शेकडा 15 व्याज मिळावे, असा नियम आहे. पण त्या भरवशावर आधीच खर्च करणे धोक्याचे.

महिना शेकडा 3 रुपये व्याजाने 5,000 रुपये काढले, तर चार महिन्यांत 600 रुपये व्याज होते. पुढच्या नाताळापर्यंत 1,800. तोवर कपडे विटलेले असतात, मुद्दल तशीच असते.

म्हणून हातातली रक्कम आधी मोजावी. खत, औषधपाणी व शाळेचा खर्च बाजूला काढावा. उरलेल्या पैशांत मुलांचे कपडे, फराळ व भेटी बसवाव्यात. नवराबायकोने मिळून यादी करावी व यादीबाहेर जाऊ नये. पाहुण्यांनी दिले तेवढेच परत दिले पाहिजे असे नाही. घरच्या शेंगा, गूळ, करंज्या यांचीही भेट होते.

पुढच्या वर्षासाठी जूनपासून दुधाच्या पैशांतून आठवड्याला 100 रुपये पोस्टात टाकावेत. डिसेंबरच्या मध्यापर्यंत 28 आठवड्यांचे 2,800 रुपये होतात. ते आपले असतात, सावकाराचे नव्हेत.