बोटीच्या खांबातून एक वायर, आणि माझं चुकलेलं कोटेशन

कोटेशनच्या व्हिडिओत मी ओझरतं म्हणालो होतो की एका बोटीच्या कामात मी तीन दिवस राबून ९०० रुपये कमावले. आज तो किस्सा सविस्तर सांगतो.

माझं दुकान कार अ‍ॅक्सेसरीजचं. एका जुन्या गिऱ्हाइकाची शिडाची बोट मुंबई बंदरात, गेटवेसमोर नांगरलेली असायची. (शिडाच्या बोटी म्हणजे परदेशातलं काम, असं समजू नका. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकटे, कुठेही न थांबता जग फिरून मुंबईला परत आले.) साहेब म्हणाले, "चाकासमोर नकाशाचा स्क्रीन बसवायचाय, गाडीत बसवतोस तसाच." मी फोनवरच सांगून टाकलं, ६,५०० रुपये, सामानासकट. जागा न बघता! पहिली चूक इथेच झाली.

आता ती जागा कशी असते ते बघा. चाकाचा जो खांब असतो, त्याला पेडेस्टल म्हणतात. वर होकायंत्र आणि आत साखळी. साखळीला जोडलेले स्टीलचे दोर खाली सुकाणूपर्यंत जातात. म्हणजे बाहेरून पोकळ दिसणारा खांब आतून चालतं मशीन आहे. खांबासमोर धरायला स्टीलच्या पाइपची कमान असते. वायर न्यायची ती या कमानीच्या पायातून.

मला हे कुठे माहीत? मी स्क्रीनची वायर प्लगसकट आणली. पाइप जेमतेम इंचभर, त्यात वर वळण. प्लग जाईना. मग सोप्पा रस्ता म्हणून वायर खांबाच्या आतून सोडली. स्क्रीन चालू झाला, साहेब खूश. सहज म्हणून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तर मध्येच जड लागलं. झाकण काढून बघतो तर वायर साखळीला घासत होती, वरचं आवरण सोललेलं. ती साखळीत अडकली असती आणि बोट भर समुद्रात वाऱ्यात असती, तर चाकच फिरलं नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सगळं उपसून नव्याने केलं. आधी पाइपमधून बारीक नायलॉनची दोरी ओवली, तिला वायर बांधून ओढली, आणि सोबत एक रिकामी दोरी आतच ठेवली, पुढच्या वायरसाठी. प्लग नंतर जागेवर जोडला. एनएमईए २००० च्या केबलला असे जागेवर बसवायचे कनेक्टर मिळतात. पाइपच्या आत एकही जोड नाही. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट. डेकखाली वायरला लोंबता झोल दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथून टपकतं, जोडात शिरत नाही. फ्यूज बॅटरीच्या बाजूला.

वायरही बदलावी लागली. गाडीची साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. कथिलाचा मुलामा असलेली घ्यायची. जाडीचा हिशोब करायचा तो जाऊन-येऊन लांबीवर. बॅटरीपासून स्क्रीन ८ मीटर, म्हणजे १६ मीटर धरा. ५ अँपिअरला २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये साधारण ०.५६ व्होल्ट गळतात, १२ व्होल्टच्या जवळजवळ पावणेपाच टक्के. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर तेच तीन टक्क्यांच्या आत येतं.

तिसरी फेरी होकायंत्रामुळे झाली. साहेबांनी स्क्रीनशेजारी मोबाइलचा होल्डर लावायला सांगितला होता, मी लावला. तो निघाला चुंबकाचा! होकायंत्राची दिशाच फिरली. होल्डर काढला, विजेच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून घेतल्या, मग सगळी उपकरणं एकेक चालू-बंद करून सुई हलते का ते बघितलं.

हिशोब असा: सामान ३,२००, मदतनीस तीन दिवसांचे २,४००. उरले ९००. त्यात प्रत्येक वेळी छोट्या होडीतून बोटीवर जायचं. एक पाना विसरला की अर्धा तास गेलाच.

आता मी असं कोटेशन देतो. पहिली भेट फक्त बघण्याची, तिचे पैसे वेगळे, काम मिळालं तर बिलातून वजा. त्या भेटीत पाइपचा आतला व्यास मोजतो, खांबाचं झाकण उघडून फोटो काढतो, डेकखाली हात पोचतो का बघतो. सामान वेगळं, मजुरी वेगळी, फेरी वेगळी. काम झाल्यावर मालकासमोर चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवतो आणि तसं बिलावर लिहून सही घेतो. होकायंत्राची दुरुस्ती माझ्याकडे नाही, हेही लिहितो. आणि जमेल तेवढी कामं पावसाळ्यात घेतो, कारण तेव्हा बोटी पाण्याबाहेर काढलेल्या असतात, शिडी लावली की काम सुरू.

त्याच साहेबांनी पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याचं मीटर बसवायला बोलावलं. आत ठेवलेली ती रिकामी दोरी ओढली, वायर वीस मिनिटांत वर. बिल मात्र पूर्ण लावलं.