चढण, उतार, वाळू : मांड्या का भरून येतात?

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक जबर गट असतो. त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात, आणि वाकलेला गुडघा सरळ करणे हे त्याचे मुख्य काम. मागच्या बाजूचे तीन हॅमस्ट्रिंग स्नायू गुडघा दुमडतात आणि मांडी मागे खेचतात. गुहागर तालुक्यात या सगळ्यांना भरपूर काम मिळते. सड्यावरून समुद्रकाठच्या वाड्यांत उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या आहेत, हेदवीला टेकडीवर दशभुज गणेशाचे देऊळ आहे, गुहागरची किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली पुळण आहे आणि पावसाळ्यात भातखाचरे. या प्रत्येक ठिकाणी मांडी दमते, पण दमण्याचे कारण एकच नसते.

पाखाडी चढताना किंवा बैठक मारून उठताना क्वाड्रिसेप्स आखूड होत होत शरीराचे वजन उचलतो. हे काम महागडे आहे. झपाट्याने चढले की स्नायूपेशींत फॉस्फेट साचते, आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम पुरेसे सुटत नाही आणि स्नायूचा जोर उतरतो. पूर्वी याचा सगळा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जाई. आता तो बराचसा मागे घेतला गेला आहे. लॅक्टेट तर हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. या प्रकारचा थकवा धाप लावतो, पण थोडे बसले की बराचसा निघून जातो.

कोरड्या वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलातला काही जोर वाळू सरकवण्यातच जातो. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवले, की त्याच वेगाने वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. धावायला सुमारे १.६ पट. मात्र वाळू धक्का पचवते, म्हणून वाळूत उड्या मारल्यावर मांडीला मागाहून येणारा ठणका कमी असतो. भरतीच्या रेषेखालची ओली, घट्ट पुळण दमवते त्यामानाने कमी, पण धक्का जास्त देते.

लावणीच्या वेळी कमरेत वाकून राहिले, की मांडीच्या मागचे स्नायू ताणलेल्या स्थितीत धरून ठेवावे लागतात. गणपतीतल्या जाखडीत गुडघे वाकवून नाचताना तसाच भार पुढच्या बाजूला येतो. हालचालीविना ताणून धरलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू कमी पोचतो, जळजळ होते. पाय मोकळे केले की रक्त पुन्हा वाहते आणि आराम पडतो.

तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याचे दुखणे निराळे : त्याच्या स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठाच संपतो. स्वीडनमधले बेरिस्ट्रम आणि हल्टमन यांनी १९६६ साली हे स्वतःच्या मांड्यांवर पाहिले. दोघांनी एकेकाच पायाने सायकल मारली आणि सुईने दोन्ही मांड्यांतले तुकडे काढून तपासले. दमलेल्या मांडीतला साठा जवळजवळ संपला होता. पुढचे तीन दिवस पिष्टमय अन्न खाल्ल्यावर त्याच मांडीत दुसरीच्या सुमारे दुप्पट साठा झाला. लांब पल्ल्याच्या आधी भरपूर भात खाण्याला यातून चांगला आधार मिळतो.

सगळ्यात फसवा प्रकार उताराचा. उतरताना क्वाड्रिसेप्स ताणला जात असतानाच वजन आवरून धरतो. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचे, दुसऱ्याने त्याला अडवायचे. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. इथेच गोम आहे. कमी स्नायूतंतूंवर जास्त ताण येतो आणि त्यांच्या आतल्या बारीक रचनेला इजा होते. त्या वेळी काहीच जाणवत नाही. दुखणे एक ते तीन दिवसांनी चढते आणि जोरही तेवढे दिवस कमी राहतो.

म्हणूनच पर्यटक देवळाच्या पायऱ्या हसत उतरतो आणि दोन दिवसांनी त्याला बसता-उठता येत नाही, तर रोज पाखाडी उतरणाऱ्याला काही होत नाही. उताराचा एक हलका सराव झाला, की पुढच्या वेळची इजा बरीच कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. धाप न लागता मांडीला जोर मिळतो, म्हणून वयस्कांसाठी आणि हृदयरोग्यांसाठी उतरण्याचा व्यायाम थोड्या पायऱ्यांपासून, हळूहळू वाढवत दिला जातो.