विद्यार्थ्यांची सुरक्षितता व मानसिक आरोग्य : हक्काचा निधी कसा मागावा?

आपल्या मुरुड भागातील कितीतरी मुलेमुली दहावीनंतर लातूर किंवा नांदेडला शिकावयास जातात. ‘लातूर पॅटर्न’ने या भागाचे नाव राज्यभर केले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु खोलीभाडे, खानावळ आणि शिकवणीची फी यांचा हिशेब करणारे आपण मुलाच्या मनाचा हिशेब मात्र क्वचितच करतो. आपल्यासाठी बापाने सालगडी राहून किंवा उचल घेऊन पैसा उभा केला आहे, ही जाणीव मुलाच्या मनावर सतत असते. चाचणीत गुण कमी पडले, कोणी आडनावावरून टोमणा मारला, तर त्याने ते कोणाजवळ बोलावे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते व हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. हा केवळ घराघराचा प्रश्न आहे, असे म्हणून शासनाला व समाजाला मोकळे होता येणार नाही.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना मारणे व त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्हींस मनाई केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे व खाजगी शिकवणी वर्ग या सर्वांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडावा. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या करू नयेत व त्यांना चारचौघांत अपमानित करू नये. वंचित समाजातील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता कसे वागावे, याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यात आहे.

पैसा कोठे जातो?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २१ ऑगस्टच्या शासन निर्णयाने शाळांत कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी व सखी सावित्री समिती यांवर भर दिला. हे आवश्यकच आहे. पण कॅमेरा फाटकावर कोण आले ते दाखवील; मुलगी आठ दिवस गप्प का आहे, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो.

समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० विद्यार्थी असलेल्या सरकारी शाळेस वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळते. वीजबिल, दुरुस्ती, खडू, स्वच्छता हे सारे त्यातच भागवावे लागते. त्यातून समुपदेशकाचे मानधन निघणे शक्य नाही. म्हणून त्यासाठी वेगळी तरतूद मागितली पाहिजे. १९९६ साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम शासनाच्याच पैशावर चालतो आणि शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशन हा त्याच्या कामाचा भाग आहे. त्या पथकाला आपल्या शाळेत बोलावणे हा उपकार मागणे नव्हे.

सभासदांनी काय करावे?

सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक व निम्म्या महिला असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान असावे, असा कायदा आहे. ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि कलम २२ नुसार हाच आराखडा अनुदानाचा आधार असतो. म्हणजे जे आराखड्यात लिहिलेच नाही, त्याला पैसा कोठून येणार? आपले पालक समितीवर असतात, पण पुष्कळदा केवळ सहीपुरते. त्यांनी बैठकीत पुढील मागण्या लेखी नोंदवाव्यात :

१. समुपदेशकाच्या नियमित भेटी व बोलण्यासाठी स्वतंत्र खोली.
२. शिक्षकांचे प्रशिक्षण.
३. मुलींसाठी कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह.
४. तक्रारपेटी ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडणे व त्याची नोंद ठेवणे.

ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी व पोच घ्यावी. वर्षाअखेर काय मंजूर झाले, ते विचारावे. संस्थेतील शिकलेल्या तरुणांनी अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घेतले तर पालकांना मोठा आधार होईल.

विद्यार्थी मित्रांनो,

झोप लागत नाही, अभ्यासात मन रमत नाही, जगणे नकोसे वाटते, असे झाल्यास ते लपवू नका. त्यात कमीपणा नाही. १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो व मराठीत बोलता येते. कोणी त्रास देत असेल तर १०९८ वर कळवा. परीक्षा पुन्हा देता येते, कर्जही फिटते. तुमच्याशिवाय मात्र घराला दुसरे काहीच पुरणार नाही.

फीसाठी व वसतिगृहासाठी आपल्या समाजाने झगडून हक्क मिळविले. मुलाचे मन जपण्यासाठी लागणारा निधीही त्याच हक्काने मागावयाचा आहे.